छोट्या प्रॅक्टिससाठी टॅक्सचं सॉफ्टवेअर: कोणतं घ्यावं आणि घेण्याआधी काय तपासावं?

पंचगंगा

नमस्कार मंडळी. २०२५चा १० डिसेंबर पार पडला, ऑडिटची शेवटची रिटर्नं गेली, आणि आता डोकं ताळ्यावर असताना हा विषय मांडते.

इचलकरंजीत बाबांनी सुरू केलेली प्रॅक्टिस गेली तीन वर्षं मी सांभाळते. मी सीए, दोन आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणारी मुलं), आणि बाबांच्या काळापासून आमच्याकडे असलेले एक काका, ज्यांना जुन्या पार्ट्यांचे, म्हणजे अशिलांचे, पॅन तोंडपाठ आहेत. वर्षाला साधारण साडेतीनशे आयटीआर (आयकर रिटर्नं), सव्वीस टॅक्स ऑडिट, सत्तरेक जीएसटी नंबर आणि चाळीस टॅनचं (करकपात करणाऱ्यांच्या नंबरांचं) टीडीएस. पार्ट्या म्हणजे यंत्रमागवाले, सायझिंगवाले (सुताला खळ देणारे), सुताचे व्यापारी, मजुरीवर माग चालवणारे, हायस्कूलचे शिक्षक आणि शिरोळ-हातकणंगल्याचे ऊसवाले.

आमचं सॉफ्टवेअर बारा वर्षं जुनं. एक डोंगल (पीसीला लावायची परवान्याची किल्ली), डेटा एकाच पीसीवर, बाकीचे तीन पीसी लॅनवरून त्याला जोडलेले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक जितकी त्यांची तितकीच आमची. १४ सप्टेंबरला संध्याकाळी त्याच पीसीची हार्ड डिस्क बसली. शेवटचा बॅकअप २२ ऑगस्टचा. तो दुसऱ्या पीसीवर चढवायचा तर कंपनीकडून नवीन की घ्यावी लागते, आणि त्या दोन दिवसांत फोन उचलायला तिकडे कोणी नव्हतं. ५३ जणांचं काम झालेलं होतं, अपलोड व्हायचं होतं. त्यातली ज्यांना थांबणं परवडणारं नव्हतं अशी १९ रिटर्नं आम्ही आयकर खात्याच्या फुकट युटिलिटीत (रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रात्रभर बसून पुन्हा भरली. काका त्यांच्या लाल पाठीच्या वहीतून एकेक आकडा मोठ्याने वाचत होते: भांडवल, देणेकरी, घेणेकरी, बंद साठा. मी टाइप करत होते. १५ तारखेच्या रात्री उशिरा मुदत एका दिवसाने वाढली आणि बाकीची १६ला गेली.

आता बदलायचंच ठरवलंय. डेमो देणाऱ्यांची रांग लागली आहे आणि प्रत्येकाच्या डेमोत सगळं होतंच. म्हणून जे रोज वापरतात त्यांनाच विचारते. डेस्कटॉप की क्लाउड? आयटीआर, ऑडिट, टीडीएस, जीएसटी सगळं एकाच कंपनीचं घ्यावं की वेगवेगळं? बारा वर्षांच्या डेटाचं काय होतं? आणि १ एप्रिल २०२६पासून नवीन आयकर कायदा लागू होतोय, तर आत्ता घेण्यात शहाणपण आहे का?

सोलापुरी_चादर

खात्याची युटिलिटी फुकट आहे आणि शेवटी अचूक तीच. मी दीडशे रिटर्नं तिच्यावरच करतो. पैसे घालवण्याआधी याचा विचार करा.

पंचगंगा

दादा, शिक्षकांची आयटीआर-१ मीही तिच्यावर करू शकते. पण यंत्रमागवाला दरवर्षी कॅश क्रेडिटच्या रिन्यूअलला बँकेत जातो, तिथे त्याला तीन वर्षांचं कॉम्प्युटेशन (उत्पन्न आणि कराचा हिशोब), बॅलन्स शीट आणि भांडवल खातं सही-शिक्क्यानिशी लागतं. युटिलिटी त्यातलं काहीच देत नाही. आणि यंदा आयटीआर-२ व ३च्या युटिलिटी जुलैमध्ये आल्या. तोवर हात बांधून बसायचं का? सॉफ्टवेअरमध्ये मे महिन्यापासून कॉम्प्युटेशन करून पार्टीला किती कर भरायचा ते सांगता येतं.

ताळमेळ

पंचगंगाताई, मी पुण्यात २६ वर्षं प्रॅक्टिस करतोय, आत्तापर्यंत तीन सॉफ्टवेअर बदलली. एकच गोष्ट कळकळीने सांगतो: डेमो त्यांच्या फाईलवर बघू नका, तुमच्या फाईलवर बघा. गेल्या वर्षीच्या सगळ्यात किचकट पाच-सहा पार्ट्या काढा, ज्यांचं १४३(१)चं इंटिमेशन (रिटर्न तपासल्याचं खात्याचं पत्र) येऊन आकडा जुळलेला आहे. ट्रायल व्हर्जनमध्ये त्या स्वतः, आर्टिकलला शेजारी बसवून, पहिल्यापासून भरा. उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरची परीक्षा होते, तुमची नाही.

तुमच्या भागासाठी मी पहिली फाईल ऊसवाल्याची घेईन. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवायला धरलं जातं, आणि इथेच स्वस्तातली सॉफ्टवेअर घसरतात. आर्थिक वर्ष २०२५-२६चे नवीन पद्धतीचे दर घ्या. दुकानाचं उत्पन्न १४ लाख, शेतीचं २ लाख. १६ लाखांवरचा कर १,२०,०००. त्यातून मूळ सूट ४ लाख अधिक शेतीचे २ लाख, म्हणजे ६ लाखांवरचा कर १०,००० वजा. राहिले १,१०,०००, सेस धरून १,१४,४००. शेती धरलीच नाही तर ९३,६०० येतात. २०,८०० रुपयांचा फरक, जो पुढे व्याजासकट पार्टीच्या दारात उभा राहतो. शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत हेही भरावं लागतं. तो तक्ता एकदा भरला की पुढच्या वर्षी आपोआप पुढे येतो का ते बघा. साठ शेतकऱ्यांचे एकर दरवर्षी नव्याने टाइप करायला लावणारं सॉफ्टवेअर मी घेणार नाही.

दुसरी फाईल २३ जुलै २०२४ नंतर विकलेल्या जागेची. २००४-०५ साली १० लाखांना घेतलेला प्लॉट ६० लाखांना विकला असं धरा. इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) नफा ५० लाख, १२.५ टक्क्यांनी कर ६,२५,०००. इंडेक्स ११३ वरून ३६३, म्हणजे खरेदी ३२,१२,३८९, नफा २७,८७,६११, आणि २० टक्क्यांनी कर ५,५७,५२२. निवासी व्यक्ती किंवा एचयूएफ असेल तर जास्तीचा कर सोडून दिला जातो. पण उत्पन्न म्हणून ५० लाखच दाखवावे लागतात. बरीच सॉफ्टवेअर कर बरोबर काढतात आणि उत्पन्नाच्या रकान्यात इंडेक्स केलेला आकडा टाकून मोकळी होतात. कॉम्प्युटेशनची प्रिंट काढून तिथे बोट ठेवून बघा.

तिसरी अगदी सोपी. पगार, डिडक्शन सगळं जाऊन १२,१०,००० राहिलेला माणूस. स्लॅबने ६१,५०० येतात, मार्जिनल रिलीफने (१२ लाखांच्या वर जेवढे, फार तर तेवढाच कर) १०,००० व्हायला हवेत, सेस धरून १०,४००. एका मिनिटाची चाचणी आहे.

बाकी तुमच्याकडे पगाराची थकबाकी एकदम मिळालेले शिक्षक असतीलच. त्यासाठीचा कलम ८९चा रिलीफ आणि त्याचा १०ई फॉर्म त्याच जागेवरून भरता येतो का, हे विचारा. १०ई रिटर्नच्या आधी गेला नाही तर रिलीफ नाकारला जातो, हे आर्टिकल विसरतात. सॉफ्टवेअरने आठवण करून द्यायला हवी. पुण्यातल्या माझ्या आयटीवाल्या पार्ट्यांसाठी मी परदेशी शेअरचं शेड्यूल एफए तपासतो, कारण तिथे आर्थिक वर्ष चालत नाही, ३१ डिसेंबरला संपणारं कॅलेंडर वर्ष चालतं. तुम्हाला त्याची गरज कमी पडेल.

अजिंक्यतारा

ताळमेळसरांना शंभर टक्के अनुमोदन. यात एक भर: २३४सी, म्हणजे आगाऊ कराचा हप्ता कमी पडल्यावरचं व्याज. शेअरचा नफा मार्चमध्ये झालेला असताना जूनच्या हप्त्यापासून व्याज लावणारं सॉफ्टवेअर मी डोळ्यांनी पाहिलंय. डिव्हिडंड आणि कॅपिटल गेन कोणत्या तिमाहीत आला ते विचारून मगच व्याज काढायला हवं. आणि व्याज काढताना मूळ रक्कम खाली शंभरात पूर्ण होते, तेही जमलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक इंटिमेशनमध्ये दहा-वीस रुपयांची मागणी येते आणि पार्टी फोन करून विचारते, “साहेब, चुकलं काय?”

दादर_टीटी

मी वेगळा मुद्दा मांडते. सॉफ्टवेअर कायद्याप्रमाणे चालतं की युटिलिटीप्रमाणे?

२०२४चा ८७एचा (कमी उत्पन्नवाल्यांचा कर माफ करणाऱ्या रिबेटचा) प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. ५ जुलै २०२४ला खात्याच्या युटिलिटीत बदल झाला आणि नवीन पद्धतीत विशेष दराच्या उत्पन्नावर, म्हणजे शेअरच्या अल्पकालीन नफ्यासारख्या गोष्टींवर, रिबेट घेण्याची वाटच बंद झाली. ४ जुलैपर्यंत ज्यांनी भरलं त्यांना रिबेटचा दावा करता आला, नंतर भरणाऱ्यांना करता आला नाही. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, डिसेंबरमध्ये अंतरिम आदेश झाला आणि उशिराच्या व सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढली. त्या पंधरा दिवसांत माझ्या कामाला आलं ते सॉफ्टवेअर, ज्यात एका क्लिकवर यादी निघाली: नवीन पद्धत, उत्पन्न ७ लाखांच्या आत, विशेष दराचं उत्पन्न शून्यापेक्षा जास्त. ३१ पार्ट्या निघाल्या. प्रत्येकीला फोन केला.

माझ्या मैत्रिणीकडे अशी चाळणी लावायची सोयच नव्हती. तिने चारशे फाईली हाताने उघडल्या.

तेव्हा डेमो देणाऱ्याला विचारा: मला हवी ती अट टाकून माझ्या सगळ्या पार्ट्यांची यादी काढून दाखवा. कर काढणं सगळ्यांनाच येतं. नियम मधेच बदलला की कोणाकोणाला त्याचा फटका बसतो हे शोधता येणं फार थोड्यांना येतं.

रमाकांत_नवीन

नवखा आहे, चुकलो तर सांगा. शीर्षक वाचून मला वाटलं धागा प्रोफेशनल टॅक्सबद्दल आहे. ही सॉफ्टवेअर व्यवसाय कराचंही बघतात का?

ताळमेळ

रमाकांत, चांगला प्रश्न. पीटीईसीचे (स्वतःच्या व्यवसाय कराचे) वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनच्या आत, आणि पीटीआरसीचं (नोकरांच्या पगारातून कापलेल्या व्यवसाय कराचं) रिटर्न, दोन्ही महाजीएसटीच्या पोर्टलवर जातं. बहुतेक टॅक्स सॉफ्टवेअरचा जीव आयकरात असतो, राज्याच्या करात नाही. पण तारखांच्या यादीत पीटीईसी घालून ठेवता येतं, आणि ज्यांचं राहिलंय त्यांना जूनमध्ये एकगठ्ठा मेसेज जातो. माझ्याकडे त्यानेच दंड-व्याजाचे प्रसंग थांबले. पगारपत्रक करणारं सॉफ्टवेअर असेल तर एवढं बघा की ते महिलांना २५,००० पगारापर्यंत कर लावत नाही ना. १ एप्रिल २०२३पासून ती सूट आहे.

चलन_२८१

पंचगंगाताई, चाळीस टॅन आहेत म्हणालात, म्हणून लिहिते. मी नाशिकला फक्त टीडीएसचंच काम करते, सव्वाशे टॅन.

टीडीएस वेगळं घ्या. आयटीआरच्या सॉफ्टवेअरसोबत फुकट मिळणारं टीडीएस मॉड्यूल पाच-दहा टॅनना पुरतं. चाळीसला पुरत नाही. टीडीएस रिटर्नची फुकट युटिलिटी, आरपीयू, आहेच, छोट्या रिटर्नला ती चांगली चालते, पण गेल्या तिमाहीची माणसं पुढच्या तिमाहीत आणायची म्हटली की तिथेच तास जातो. एकदा चुकून मुदत टळली तर कलम २३४ईचे दिवसाला २०० रुपये, कराच्या रकमेइतके होईपर्यंत. पार्टीला ते समजावून सांगणं म्हणजे वर्षभराची फी गमावणं.

काय बघायचं ते माझ्या कामाच्या क्रमाने सांगते. सगळ्यात आधी पॅनची एकगठ्ठा तपासणी. नाव जुळतं का, आणि आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय तर नाही ना. निष्क्रिय असेल तर कापायचा दर २० टक्के होतो, आणि सुताचा व्यापारी तुमच्यासमोर बसून सांगतो की मी तर एक टक्काच कापला. हे रिटर्न भरताना कळून उपयोग नाही, पैसे देताना कळायला हवं. त्यानंतर चलनाची माहिती पोर्टलवरून थेट ओढता येते का. मग एफव्हीयूची (रिटर्नची फाईल तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) चूक. काही सॉफ्टवेअर एफव्हीयूचा कोरडा कोड तोंडावर फेकतात, काही थेट त्या ओळीवर नेऊन उभं करतात. दुसऱ्या प्रकारचं घ्या. शेवटी करेक्शन: ट्रेसेसवरून (टीडीएसच्या पोर्टलवरून) कन्सो फाईल, म्हणजे भरलेल्या रिटर्नची फाईल, आणून, जस्टिफिकेशन रिपोर्ट (चुकांची यादी) शेजारी ठेवून एकाच खिडकीत काम होतं का. माझ्या अनुभवात वर्षाचा निम्मा वेळ करेक्शनमध्येच जातो, आणि डेमोत करेक्शन कोणी दाखवत नाही.

१ एप्रिल २०२५पासून कलम १९४टी आलंय, हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं. भागीदारी फर्मने भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन वर्षाला २०,०००च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. इचलकरंजीत बाप-लेकांच्या, भावाभावांच्या फर्मा किती असतील! त्यातल्या निम्म्यांकडे आजवर टॅनसुद्धा नव्हता. मार्चअखेर भांडवल खात्यावर व्याज जमा टाकलं की कापायची वेळ येते. टीडीएसचं सॉफ्टवेअर आणि फर्मचं कॉम्प्युटेशन यांचं इथे जुळायला हवं. वेगळं सॉफ्टवेअर घेतलं तर हा ताळा तुम्हालाच हाताने घ्यावा लागेल, ही त्यातली उणी बाजू.

पंचगंगा

चलनताई, मनापासून आभार. १९४टीच्या फर्मा मी कालच मोजल्या, ३४ निघाल्या. म्हणजे टॅन चाळीसवरून सत्तरच्या पुढे जाणार.

गोविंद_लातूर

डेटाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मी २०२२ला सॉफ्टवेअर बदललं. विक्रेत्याने सांगितलं, “सगळं इंपोर्ट होतं.” झालं काय, तर नाव, पॅन, पत्ता, बँक खातं एवढं आलं. पोर्टलवरची भरलेली जेसन फाईल (रिटर्न अपलोड होतं ती) घेता आली, त्यातून उत्पन्नाचे आकडे आले. आलं नाही ते हे: यंत्रांची मालमत्तानिहाय यादी, ब्लॉकची (एकाच घसारा दराच्या मालमत्तांच्या गटाची) उतरती किंमत कशी आली त्याचा मागचा हिशोब, भागीदारांची भांडवल खाती. आणि पुढे ओढायचे तोटे. एका डाळमिलवाल्याचा ४,१२,०००चा धंद्यातला तोटा शेड्यूल सीएफएलमध्ये आलाच नाही. आर्टिकलने इंपोर्टवर विश्वास ठेवला, मीही न बघता अपलोड केलं. मुदतीत सुधारित रिटर्न भरता आलं म्हणून वाचलो. तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण तो दाखवण्याचं तुमच्या हातून राहिलं तर नंतर वर्षानुवर्षं भांडावं लागतं.

आता दुसरी बाजू. जुन्या सॉफ्टवेअरचं रिन्यूअल बंद केल्यावर जुनी वर्षं उघडतात का, हे आत्ताच लेखी विचारा. काहींमध्ये बघता येतं पण प्रिंट निघत नाही. काहींमध्ये उघडतच नाही. अपडेटेड रिटर्न आता ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं, नोटिसाही मागच्या वर्षांच्या येतात. चार वर्षांपूर्वीचं कॉम्प्युटेशन मागितलं तर तुमच्याकडे काय असेल? जाण्याआधी प्रत्येक पार्टीची, प्रत्येक वर्षाची कॉम्प्युटेशन, बॅलन्स शीट, ३सीडी (टॅक्स ऑडिटचा फॉर्म) आणि जेसन, सगळ्याच्या पीडीएफ काढून पॅननुसार फोल्डरमध्ये ठेवा. मला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी कधीच वाया गेलेले मानले नाहीत.

अजिंक्यतारा

क्लाउड की डेस्कटॉप यावर माझं स्पष्ट मत आहे: साताऱ्यासारख्या ठिकाणी आयकराला डेस्कटॉप, जीएसटीला क्लाउड. जीएसटीचं काम तसंही पोर्टलशी बांधलेलं. दरमहा १४ला २बी (खरेदीवरच्या क्रेडिटचं पत्रक) आलं की टॅलीशी ताळा, मग २०च्या आत ३बी (महिन्याचं रिटर्न), क्यूआरएमपीवाल्यांचं (तिमाही रिटर्नवाल्यांचं) तिमाहीनंतर २२च्या आत. हे घरूनही करता येतं. ऑडिटचं काम मात्र मी स्वतःच्या मशीनवर ठेवतो. सप्टेंबरमध्ये इंटरनेट गेलं तरी ३सीडी भरणं थांबत नाही.

मात्र डेस्कटॉप म्हणजे बॅकअप तुमच्या गळ्यात. रोज संध्याकाळी एक बाहेरच्या डिस्कवर, आठवड्याला एक घरी. आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या पीसीवर चढवून बघायचा. चढतो का हे न बघितलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नाहीच. तुमच्या १४ सप्टेंबरच्या रात्रीनंतर हे तुम्हाला मी सांगायला नको.

दादर_टीटी

क्लाउडच्या बाबतीत डेटा कुठे आणि कोणाच्या हातात, हे विचाराच. आपण पार्टीचा पॅन, आधार, बँक खातं, पोर्टलचा पासवर्ड सगळं त्यात टाकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. सीए कायद्याखाली तर पार्टीची माहिती तिच्या संमतीशिवाय बाहेर जाणं हे आधीपासूनच गैरवर्तन आहे. काही कंपन्या करदात्यांना थेट कर्ज, विमाही विकतात. तुमच्या पार्टीचा फोन नंबर त्यांच्या विक्रीच्या यादीत जाणार नाही, हे करारात आहे का ते वाचा. आणि आर्टिकल सोडून गेला की त्याचा लॉगिन त्याच दिवशी बंद करता यायला हवा. एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरायची पद्धत आता मोडा.

मांडवी_तीर

गोव्याहून नमस्कार. इचलकरंजीला लागू नाही, पण कोल्हापूर-सिंधुदुर्गातल्या कोणाकडे गोव्याच्या पार्ट्या असतील तर शेड्यूल ५ए तपासल्याशिवाय सॉफ्टवेअर घेऊ नका. आमच्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज हे दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. पगार मात्र ज्याचा त्याचा. एकाच्या फाईलमध्ये आकडा बदलला की जोडीदाराच्या फाईलमध्ये आपोआप बदलायला हवा, टीडीएसही वाटला जायला हवा. बहुतेक ठिकाणी शेड्यूल असतं, जोडणी नसते. मग म्हापशातल्या एका जोडप्याच्या दोन फाईली उघड्या ठेवून आकडे इकडून तिकडे न्यायचे, तेही दरवेळी.

ताळमेळ

नावांबद्दल खूप जण व्यक्तिगत विचारत आहेत, म्हणून इथेच लिहितो. आपल्याकडे लहान ऑफिसांत दिसतात ती मुख्यतः मंगळुरूचं विनमन, जयपूरच्या एसएजीचं जिनियस, जयपूरचंच केडीके, पुण्याच्या साइनवेव्हचं टॅक्सबेस, बंगळुरूच्या रिलायनचं सरल, आणि कॉम्प्युटॅक्स. क्लाउडमध्ये क्लिअर. मी यातलं एकच सांगणार नाही, कारण माझ्या पार्ट्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. यातल्या प्रत्येकावर आयुष्य काढलेली माणसं मला माहीत आहेत.

तुमच्या पेठेत कोण काय वापरतं हे मात्र नक्की बघा. १४ सप्टेंबरच्या संध्याकाळी कंपनीचा फोन लागत नाही तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधला सीए मित्रच मदतीला येतो, आणि त्याच्याकडे तेच सॉफ्टवेअर असेल तर निम्मं काम होतं. आर्टिकलही एकमेकांना शिकवतात.

किमतीचं म्हणाल तर पहिल्या वर्षाची सूट बघू नका. तिसऱ्या वर्षाचं रिन्यूअल किती, जास्तीच्या एका युजरचे किती, आणि पीसी बदलला की नवीन कीचे पैसे पडतात का, हे तिन्ही लेखी घ्या. तुमच्यासाठी कीचा मुद्दा पहिला.

नव्या कायद्याचं: घाबरून थांबू नका. २०२५-२६ची रिटर्नं, जी आपण २०२६मध्ये भरणार, ती १९६१च्याच कायद्याखाली. १ एप्रिल २०२६पासूनच्या व्यवहारांना नवीन कायदा, आणि “मागील वर्ष, कर निर्धारण वर्ष” जाऊन एकच “कर वर्ष”. कलमं ५३६. ८०सी झालं १२३, ४४एडी गेलं ५८मध्ये, आणि टीडीएसची ती सगळी १९४ची रांग ३९२ आणि ३९३मध्ये बसली. म्हणजे पहिला फटका टीडीएसला, एप्रिलपासूनच, आयटीआरला वर्षभराने. काही वर्षं दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालवावे लागतील. विक्रेत्याला एवढंच विचारा: जुनं-नवं कलम दोन्ही दिसेल का, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेणार का?

चलन_२८१

टीडीएसचा फटका पहिला, हे अगदी खरं. मी तर सगळ्या पार्ट्यांच्या टॅलीतली लेजरं आत्तापासून कामाच्या स्वरूपाने नावं देऊन ठेवतेय: मजुरी, भाडं, दलाली, भागीदाराचं व्याज. कलमाचे नंबर बदलले तरी नाव बदलत नाही.

पंचगंगा

तीन आठवड्यांनी परत आले. मधे जीएसटीची वार्षिक रिटर्नं होती म्हणून उशीर झाला.

ताळमेळसरांनी सांगितल्याप्रमाणे पाच फाईली काढल्या आणि दोन सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये भरल्या. नावं लिहीत नाही, अ आणि ब म्हणते. पाचवी फाईल माझी स्वतःची होती: सायझिंगवाल्याचं ऑडिट, ज्यात कलम ४३बी(एच) आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायची, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. आमच्याकडे सूत देणारा गिरणीवाला की व्यापारी, यावर सगळं ठरतं, कारण उद्यम नोंदणी असली तरी व्यापाऱ्याला ते कलम लागू पडत नाही.

अ दिसायला देखणं, एआयएस (खात्याकडची पार्टीची वार्षिक माहिती) चटकन ओढतं, शेतीचं बरोबर आलं, १०,४००ही बरोबर. जागेच्या फाईलमध्ये मात्र सरांनी सांगितली तीच चूक, कर ५,५७,५२२ आणि उत्पन्न २७,८७,६११. ४३बी(एच)मध्ये त्याने टॅलीतले सगळे देणेकरी एका रांगेत घेतले. व्यापारी वगळायची सोय नाही.

ब जुन्या वळणाचं आहे, पडदे राखाडी, पण पाचही फाईली जुळल्या. ३सीडीच्या २२व्या क्लॉजसाठी प्रत्येक देणेकऱ्यापुढे सूक्ष्म, लघु, मध्यम, व्यापारी असा रकाना आहे आणि तो पुढच्या वर्षी तसाच येतो. काकांना शेजारी बसवलं होतं. त्यांनी पुरवठादारांची नावं एकेक करून वाचली आणि कोण गिरणी, कोण दलाल, कोण नुसता व्यापारी हे न अडखळता सांगितलं. ११२ नावं दोन तासांत लागली. ही माहिती आजपर्यंत फक्त त्यांच्या डोक्यात होती.

मग ब घेतलं, चार युजरचं. रिन्यूअलचे आकडे आणि पीसी बदलल्यावर की विनाशुल्क, दोन्ही ईमेलवर लेखी घेतलं. टीडीएस वेगळं, चलनताईंनी सांगितल्याप्रमाणे करेक्शन करून बघूनच. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या पीडीएफ काढायचं काम सुरू आहे, २०१९पर्यंत मागे पोचलोय. बॅकअप आता रोज सहा वाजता एक आर्टिकल काढते आणि वहीत सही करते.

एक प्रश्न राहिलाय. मागांची उतरती किंमत जुन्या सॉफ्टवेअरमधून घ्यावी की भरलेल्या ३सीडीमधून? दोन पार्ट्यांत फरक येतोय, १,८४०चा आणि ६,२००चा.

ताळमेळ

भरलेल्या ३सीडीमधून. खात्याकडे तोच आकडा आहे. फरक बहुतेक १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्राच्या निम्म्या घसाऱ्यात असेल, त्या दोन पार्ट्यांची ऑक्टोबरनंतरची खरेदी बघा.

पंचगंगा

एकीत तेच निघालं, नोव्हेंबरात घेतलेले दोन माग. दुसरीचं उद्या काकांना घेऊन बसते.